दादरच्या नळीत ठाणं: लाळेतल्या कॉर्टिसॉलच्या प्रकल्प नोंदी

३ जून २०२४, सोमवार

मध्य रेल्वेचा त्रेसष्ट तासांचा ब्लॉक काल दुपारी संपला. सीएसएमटीचे दहा-अकरा नंबरचे फलाट लांबवायचे होते आणि ठाण्याचा पाच नंबर रुंद करायचा होता. आज डब्यात दुसरा विषयच नव्हता. कोण शनिवारी कशी आली, कोणी सुट्टी टाकली, कोणाची सुट्टी कापली गेली. मी डोंबिवलीपासून ऐकत होते आणि डोक्यात आपला प्रकल्प फिरत होता. या बायकांच्या अंगावर रोजचा प्रवास जे काही करतो, त्याचा काही भाग तरी नळीत धरता येईल का? म्हणजे कॉर्टिसॉल, ताण आला की अंगात वाढणारं हार्मोन, मोजून.

मॅडमनी दुपारी प्रश्न आणखी बारीक करून दिला. "प्रवासाचं नंतर. आधी कॉर्टिसॉल नीट मोजता येतं का ते दाखव."

एथिक्स कमिटीची मंजुरी मेमध्येच आली आहे. अठरा बायका घ्यायच्या, सगळ्या डोंबिवली-कल्याणहून दादर-परळकडे येणाऱ्या. प्रत्येकीचे कामाचे दोन दिवस आणि एक रविवार.

मोजायचं कशात, हे आज पक्कं केलं. रक्ताचा विचार लगेच सोडला. एक तर सुई टोचणं हाच ताण. दुसरं म्हणजे रक्तातलं नव्वद टक्क्यांहून जास्त कॉर्टिसॉल प्रथिनांना चिकटून फिरत असतं, मुख्यतः सीबीजी नावाच्या प्रथिनाला. पेशींवर काम करतो तो उरलेला मोकळा भाग. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बाईचं सीबीजी वाढतं, त्यामुळे तिचं रक्तातलं एकूण कॉर्टिसॉल फुगलेलं दिसतं, मोकळं मात्र तेवढंच असतं. लाळेत फक्त मोकळंच झिरपतं, म्हणून लाळ. चोवीस तासांची लघवी साठवायला लोकलने जाणाऱ्या बाईला सांगणं म्हणजे तिची थट्टा. केसात कॉर्टिसॉल महिन्यांच्या हिशेबाने साठतं, एक सेंटीमीटर म्हणजे साधारण एक महिना. आम्हाला हवी आहे एक सकाळ.

अ‍ॅड्रिनलिनचं मी विचारलं होतं. मॅडम म्हणाल्या, ते रक्तात दोन-तीन मिनिटंही टिकत नाही, बर्फावरची नळी आणि हाताशी नळ्या गरगर फिरवणारं सेंट्रिफ्यूज असेल तरच त्याच्या नादी लागावं. कॉर्टिसॉल तासभर तरी रेंगाळतं. ठरलं.

७ जून, शुक्रवार

माहितीपत्रकात मी "थुंकीचा नमुना" असं लिहिलं होतं. डब्यात दोघीतिघींना वाचायला दिलं. एका काकूंनी कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि हळूच विचारलं, "ताई, टीबीची तपासणी आहे का? तसं असेल तर माझं नाव नको. चाळीत कळलं तर पोरीच्या लग्नाचं बोलणं चाललंय."

हे आधी सुचायला हवं होतं. मुंबईत थुंकी तपासायला दिली म्हटलं की टीबीच डोळ्यांसमोर येतो. पत्रक रात्री बसून पुन्हा लिहिलं. सगळीकडे "लाळ". खोकून काढायचं नाही, खाकरायचं नाही. मान थोडी खाली झुकवायची, तोंडात आपोआप साचेल तेवढी लाळ नळकांडीतून नळीत ओघळू द्यायची. एक मिलिलिटर पुरे. वर फेस येतो, तो मोजायचा नाही.

कापसाचे बोळे वापरले असते तर त्यांना सोपं गेलं असतं. पण कापूस काही हार्मोन्सच्या चाचणीत लुडबूड करतो. कॉर्टिसॉलला त्याचा त्रास कमी होतो, पण पुढे याच नमुन्यात दुसरं काही मोजावंसं वाटलं तर पंचाईत. ओघळवलेली लाळच घ्यायची.

दुसरी अडचण फ्रीजची. एकीच्या सासूबाईंनी स्पष्ट सांगितलं, देवाचा नैवेद्य ज्या फ्रीजमध्ये ठेवते त्यात कोणाची लाळ ठेवणार नाही. त्यांचं म्हणणं मला पटलं. प्रत्येकीला झाकणाचा छोटा स्टीलचा डबा द्यायचा, आत झिपची पिशवी, पिशवीत नळ्या. डबा दाखवल्यावर त्या तयार झाल्या, पण फ्रीजरच्या खालच्या कोपऱ्यात, खोवलेल्या नारळापासून लांब, या अटीवर.

११ जून, मंगळवार

पाऊस परवाच मुंबईत दाखल झाल्याचं जाहीर झालं. आज पहिली चाचणी स्वतःवर.

५.०५ ला डोळे उघडले, पलंगावर बसूनच पहिली नळी. ५.३५ ला दुसरी, ५.५० ला तिसरी. तोवर दात घासायचे नाहीत, चहा नाही. हिरडीतून रक्ताचा थेंब आला तरी लाळेचा आकडा बिघडतो, कारण रक्तात कॉर्टिसॉल लाळेपेक्षा कितीतरी पट असतं. लिंबू, कोकम, चिंच असलं आंबट काही तोंडात असेल तर लाळेचा आम्लपणा वाढतो आणि चाचणीतल्या अँटीबॉडीचं, म्हणजे कॉर्टिसॉल पकडणाऱ्या प्रथिनाचं, काम बिनसतं.

पाऊण तास चहाशिवाय उभं राहून डबा भरणं किती कठीण असतं हे आज समजलं. मी हे एकदा केलं. त्यांना तीन दिवस करायला सांगते आहे.

या पाऊण तासाला इतकं महत्त्व का, तेही इथे लिहून ठेवते. कॉर्टिसॉल घड्याळाप्रमाणे चालतं. मध्यरात्रीच्या सुमारास तळाला, पहाटेपासून चढत जातं आणि जाग आल्यावर पहिल्या ३० ते ४५ मिनिटांत आणखी एक झपाट्याची उसळी घेतं. पुष्कळांमध्ये ही वाढ निम्म्याने किंवा त्याहून जास्त असते. म्हणजे पहिली नळी दहा मिनिटं उशिरा घेतली तर ती चढणीच्या मध्यावरची ठरते, सुरुवात उंच दिसते आणि उसळी बुटकी. मग कागदावर त्या बाईची उसळी मंदावलेली दिसते, आणि खरी भानगड एवढीच की ती आधी संडासला जाऊन आली.

१४ जून, शुक्रवार

एलायझाचा, म्हणजे अँटीबॉडी आणि रंग वापरून हार्मोन मोजायच्या चाचणीचा, सराव. रिकाम्या प्लेटवर रंगीत पाण्याने पिपेट करून हात बसवला, दुपारी खरी प्लेट लावली.

ही स्पर्धेची एलायझा आहे, त्यामुळे तिचा उलटा हिशेब डोक्यात बसवून घ्यावा लागतो. प्लेटच्या ९६ खळग्यांच्या, म्हणजे वेलच्या, तळाशी कॉर्टिसॉलची अँटीबॉडी चिकटवलेली असते. त्यात २५ मायक्रोलिटर लाळ घालायची आणि वरून एन्झाइम जोडलेलं कॉर्टिसॉल. दोघांची त्याच जागांसाठी झटापट. लाळेत कॉर्टिसॉल जास्त असेल तर एन्झाइमवाल्याला जागा कमी मिळते, धुतल्यावर एन्झाइम कमी उरतं, रंग फिका पडतो. गडद वेल म्हणजे कमी हार्मोन. पहिल्या वेळी मी दोनदा उलटं वाचलं.

टीएमबी, म्हणजे एन्झाइममुळे रंग बदलणारं रसायन, घातल्यावर पाच-सात मिनिटांत प्लेटवर निळा रंग चढायला लागतो. शून्याच्या, म्हणजे कॉर्टिसॉल नसलेल्या, वेल आधी निळ्या होतात, वरच्या स्टँडर्डच्या, म्हणजे माहीत असलेल्या जास्त मापाच्या, वेल शेवटपर्यंत जेमतेम आभाळी राहतात. अर्ध्या तासाने आम्ल घातलं की सगळा निळा एका क्षणात पिवळा होतो. मग ४५० नॅनोमीटरच्या प्रकाशात रंग मोजणारा रीडर. शेजारच्या टेबलावरची मुलंही बघायला उभी राहिली.

स्टँडर्ड सहा: ३.०००, १.०००, ०.३३३, ०.१११, ०.०३७ आणि ०.०१२ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर. नॅनोमोल प्रति लिटर हवे असतील तर २७.५९ ने गुणायचं. वक्र सरळ रेषेचा नाही, चार पॅरामीटरचा लॉजिस्टिक, म्हणजे इंग्रजी एस सारखा वळलेला, बसवावा लागतो. एक्सेलमध्ये सरळ रेष ओढून आकडे काढले तर दोन्ही टोकांना चूक होते.

आजचा निकाल वाईट. एकाच नमुन्याच्या जोडवेलमधला फरक बऱ्याच ठिकाणी १५ टक्क्यांवर, आणि कडेच्या वेल मधल्यांपेक्षा गडद. मॅडमनी प्लेट हातात धरून खिडकीच्या उजेडात बघितली आणि विचारलं, "एसी कुठून येतोय?" माझ्या बाकाच्या बरोबर डाव्या बाजूने. कडा आणि मध्य यांचं तापमान सारखं नव्हतं. पुढच्या वेळी प्लेट झाकून, आतल्या खोलीत.

१९ जून, बुधवार

प्लेटवर कोणाला कुठे बसवायचं ते आखलं. स्टँडर्ड, शून्य, रिकामी आणि आधीच आकडा माहीत असलेले दोन कंट्रोल मिळून दहा जोड्या, म्हणजे वीस वेल गेल्या. राहिल्या ७६, म्हणजे ३८ नमुने जोडीने. एका बाईच्या बारा नळ्या: तीन दिवस, दिवसाला चार. तीन बायकांच्या ३६. दोन जागा उरतात, तिथे प्रत्येक प्लेटवर आमची एकत्र केलेली लाळ बसवायची, म्हणजे एका प्लेटचा दुसरीशी मेळ लागतो का ते कळेल. अठरा बायका, सहा प्लेट. एका बाईच्या सगळ्या नळ्या एकाच प्लेटवर राहिल्याच पाहिजेत. नाहीतर तिचा सोमवार आणि रविवार यांच्यातला फरक तिचा की प्लेटचा, हे कधीच सांगता येणार नाही.

चौथी नळी दादरला उतरल्यावर. यावर आज बराच वेळ बोलणं झालं. ताणाचा प्रसंग घडला की मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्यूटरी ग्रंथीला निरोप देतो, पिट्यूटरी अ‍ॅड्रिनलला, आणि मग कुठे मूत्रपिंडांवरच्या त्या ग्रंथीतून कॉर्टिसॉल रक्तात येतं. तिथून लाळेत उतरायला आणखी काही मिनिटं. प्रसंग सुरू झाल्यापासून साधारण २० ते ३० मिनिटांनी लाळेत ते शिखरावर दिसतं. फास्ट लोकलने ठाण्याहून दादरला यायलाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. ठाण्याला जो लोंढा चढतो, दारातल्या बायका आत ढकलल्या जातात, बॅग पोटाशी येते, ते सगळं दादरच्या नळीत उतरतं. दादरचा जिना, तिथली गर्दी, ते त्या नळीत नाहीच. त्यासाठी ऑफिसात जाऊन आणखी एक नळी घ्यावी लागली असती.

२७ जून, गुरुवार

सोमवारपासून नमुने सुरू झाले. रोज संध्याकाळी डोंबिवली पूर्वेला घराघरांतून डबे गोळा करते, थर्मासमध्ये बर्फाचे पॅक. सकाळी गर्दीत तो थर्मास छातीशी धरून उभी राहते. आज एका मावशींनी मांडीवर घेतला, भांडुपपर्यंत.

लॅबमधल्या काकांनी आज नळ्या उतरवताना जुन्या दिवसांची आठवण काढली. तीस वर्षांपूर्वी ते ज्या लॅबमध्ये होते तिथे कॉर्टिसॉल रेडिओइम्युनोअ‍ॅसेने व्हायचं. किरणोत्सारी आयोडीन-१२५ लावलेला हार्मोन, शिशाच्या विटांमागे ठेवलेल्या बाटल्या, छातीला फिल्म बॅज आणि शेवटी गॅमा काउंटर. त्या आयोडीनचं अर्धआयुष्य जेमतेम साठ दिवसांचं, म्हणून किट आला की सगळं सोडून आधी तो संपवायचा. परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर इथून दोन पावलांवर, त्यामुळे या भागातल्या लॅबवाल्यांच्या तोंडी ते शब्द सहज असायचे.

ही पद्धत रोझॅलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी इन्सुलिनसाठी बसवली, १९५९-६० च्या सुमारास. यॅलोंना १९७७ मध्ये नोबेल मिळालं तेव्हा बर्सन हयात नव्हते. मग १९७१ मध्ये स्वीडनमध्ये एंगवॉल आणि पर्लमन यांनी किरणोत्साराच्या जागी एन्झाइम आणलं. आम्ही निळा रंग बघतो तो त्यांच्यामुळे. काका म्हणाले, "बाळा, काउंटर टिकटिकायचा ना, तेव्हा आकडा कानाने कळायचा." त्यांचा हात अजूनही माझ्यापेक्षा स्थिर आहे. उद्या पिपेटिंग त्यांच्यासमोर करणार.

२ जुलै, मंगळवार

नावाऐवजी प्रत्येकीला क्रमांक दिला आहे. क-०९ च्या वेळांच्या तक्त्यावर सगळं अगदी नेमकं: ५.००, ५.३०, ५.४५. तीनही दिवस. इतकं नेमकं कोणाच्याच घरात घडत नाही.

झाकणात चिप बसवलेल्या बाटल्या मिळतात, झाकण उघडल्याची वेळ त्या नोंदवतात. ज्या अभ्यासांत त्या वापरल्या, तिथे बायका-पुरुषांनी लिहिलेली वेळ आणि खरी वेळ यांत मोठं अंतर सापडलं आहे. आमच्याकडे तेवढा निधी नाही. म्हणून प्रत्येक नळीचा फोटो मोबाइलवर काढायला सांगितलं आहे, फोटोवर वेळ येतेच. क-०९ चे फोटो आज बघितले. ५.००, ५.४१, ५.५८.

त्यांना संध्याकाळी भेटले. रागावायला गेले नव्हते, तरी त्या आधीच ओशाळल्या. म्हणाल्या, "पाणी साडेपाचला येतं ताई, वीस मिनिटांत जातं. तेव्हा पिंप भरू की नळी भरू? तुम्ही तीस मिनिटं म्हटलंत म्हणून तीस लिहिलं. तुमचं बिघडायला नको म्हणून."

माझं बिघडू नये म्हणून त्यांनी खोटं लिहिलं. दोष माझ्या तक्त्याचा आहे. त्यात मी वेळा आधीच छापल्या होत्या, पुढे फक्त टिक करायची जागा. आज रात्री तक्ता बदलला. वेळेची जागा कोरी, वर मोठ्या अक्षरात: "जी वेळ झाली तीच लिहा. उशीर झाला तरी नळी आम्हाला हवी आहे." ४१ व्या मिनिटाची लाळ ४१ व्या मिनिटाची म्हणूनच मोजू. तीसचा शिक्का मारलेली ४१ ची नळी मात्र निरुपयोगी, आणि ती कुठली हे ओळखूही येत नाही.

आधीच्या सात जणींच्या फोटोंवरून वेळा पुन्हा भरल्या. चौघींच्या बदलल्या.

८ जुलै, सोमवार

रात्री एकपासून सकाळी सातपर्यंत शहरात काही ठिकाणी ३०० मिलिमीटरच्या वर पाऊस. मध्य रेल्वे बंद. मी घरीच अडकले, लॅबला पोचता आलं नाही.

सव्वासातला क-११ चा फोन. "ताई, तीन नळ्या झाल्या, स्टेशनवर जाऊन परत आले. चौथी घरीच घेतली, दादरला पोचते त्याच वेळेला. फुकट गेली का?" मी म्हटलं, अजिबात नाही, जसं घडलं तसं लिहून ठेवा. हा दिवस प्रवासाच्या हिशेबात धरता येणार नाही, त्यांना दुसरा दिवस द्यावा लागेल. पण नळी टाकून देणार नाही.

आमच्याकडे वीज नऊपासून दोनपर्यंत नव्हती. माझ्या फ्रीजरमध्ये चार घरांच्या नळ्या होत्या. दोन वाजता हात लावला तर कडेच्या मऊ झालेल्या. लाळेतलं कॉर्टिसॉल तसं चिवट आहे, एखाददुसऱ्या विरघळण्या-गोठण्याने त्याला फारसं काही होत नाही, हे वाचलेलं आहे. पण वाचलेल्यावर आमच्या नळ्या सोडायच्या नाहीत. एकत्र केलेल्या लाळेचे भाग पाडून एकदा, दोनदा, तीनदा विरघळवून गोठवायचे आणि पुढच्या प्लेटवर लावायचे. या चारही घरांच्या नळ्यांवर लाल टिकली लावली.

१२ जुलै, शुक्रवार

पहिली खरी प्लेट. आतली खोली, झाकलेली प्लेट, काकांची नजर. नळ्या विरघळवून सेंट्रिफ्यूजमध्ये १,५०० जी ला, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या १,५०० पट जोराने, पंधरा मिनिटं फिरवल्या. गोठवल्यामुळे लाळेतला चिकट श्लेष्म तुटून खाली बसतो आणि वर पाण्यासारखं स्वच्छ द्रव राहतं. तेच घ्यायचं, खालच्या गाठोड्याला पिपेटचं टोक लागू द्यायचं नाही.

जोडवेलमधला फरक एक जोडी सोडून सगळीकडे ७ टक्क्यांच्या आत. विरघळवलेल्या भागांचे आकडे: ९.८, ९.५, ९.९ नॅनोमोल. लाल टिकलीच्या नळ्या वाचल्या.

१६ जुलै, मंगळवार

दुसरी प्लेट. क-०४ ची पहिली नळी वरच्या स्टँडर्डच्याही पलीकडे. दहापट पातळ करून पुन्हा लावली: १.९, म्हणजे मूळ १९ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर, ५२४ नॅनोमोल. लाळेत सकाळी १०-१५ असायला हवं तिथे ५२४. सकाळच्या रक्तात एकूण जेवढं असतं तेवढं हे झालं.

पहिला संशय हिरड्यांचा. गणित केलं. रक्तात १९ धरलं आणि लाळेत एक टक्का रक्त मिसळलं तर भर पडते ०.१९ ची. १९ यायला नळीत लाळ नसून रक्तच असायला हवं. नळी तर पाण्यासारखी स्वच्छ.

मग तिन्ही नळ्या ओळीने बघितल्या: ५२४, १३८, ६१. जाग आल्यावर चढायला हवं, इथे घसरतंय. रविवारीही तसंच. शरीर असं करत नाही. बाहेरून काहीतरी येतंय आणि सकाळ सरता सरता धुतलं जातंय.

त्याच प्लेटवर क-१४. तिचं उलट. १.१, १.२, १.० नॅनोमोल. सरळ रेष.

१८ जुलै, गुरुवार

क-०४ कडे गेले. आकडा सांगितला नाही, फक्त विचारलं, सकाळी उठल्यापासून नळी घेईपर्यंत काय काय करता ते दाखवा. त्यांनी दाखवलं. उठून बसतात, उशाखालून नळी घेतात, नळकांडी दोन बोटांत धरून तोंडात. आदल्या रात्रीचं विचारलं. रात्री नातवाला झोपवतात. दीड वर्षाचा, कोपराच्या आत आणि गालावर खाज येते, डॉक्टरांनी मलम दिलंय. ते बोटाने हळूहळू चोळत त्याला झोपवतात, तसंच त्यांनाही झोप लागते.

ट्यूब बघितली. हायड्रोकॉर्टिसोन.

हायड्रोकॉर्टिसोन हे कॉर्टिसॉलचंच औषधातलं नाव. अणू-अणू तोच, फरक काहीच नाही. अँटीबॉडीने चूक केलीच नव्हती. रात्री बोटाला राहिलेलं मलम सकाळी नळकांडीवर, ओठावर आणि तिथून नळीत. पीठ मळून, भांडी विसळून ते जसजसं निघत गेलं तसतसा आकडा उतरला.

त्या घाबरल्या, काही चुकलं का म्हणून. म्हटलं, मलम डॉक्टरांनी सांगितलंय तसंच लावत राहा, बाळाचं थांबवू नका. फक्त लावून झाल्यावर साबणाने हात धुवा, आणि सकाळी नळी घेण्याआधी पुन्हा एकदा.

२६ जुलै, शुक्रवार

माझा अंदाज बरोबर असला तरी पुरावा हवा, असं मॅडम म्हणाल्या. सहा नमुने बाहेरच्या लॅबला एलसी-एमएस/एमएससाठी पाठवले होते, आज आकडे आले.

या यंत्राला अँटीबॉडी लागत नाही. नमुन्यात सुरुवातीलाच जड हायड्रोजनचं कॉर्टिसॉल ठराविक मापात मिसळतात, म्हणजे पुढे काही सांडलं-गळलं तर दोन्हींचं सारखंच गळतं आणि गुणोत्तर टिकतं. मग स्तंभातून एकेक रेणू वेगळा होऊन येतो आणि वस्तुमानाने ओळखला जातो. कॉर्टिसॉल ३६३ या वस्तुमानावर पकडायचं, फोडायचं, आणि त्याचा १२१ चा तुकडा मोजायचा. तरी स्तंभाचं काम चोख हवंच. कॉर्टिसोन आणि प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड औषध यांचं रेणुसूत्र एकच आहे, नुसत्या वजनावर यंत्र दोघांना ओळखू शकत नाही.

कॉर्टिसोनवर आमचं सगळं अवलंबून होतं. गालातल्या लाळग्रंथीत एक एन्झाइम असतं, ते वाटेतच बऱ्याचशा कॉर्टिसॉलचं कॉर्टिसोन करून टाकतं. म्हणून शरीरातून आलेल्या लाळेत कॉर्टिसोन नेहमी कॉर्टिसॉलपेक्षा जास्त सापडतं. ग्रंथीतून न आलेलं, बोटावरून आलेलं कॉर्टिसॉल या वाटेने जातच नाही.

क-०२, साधा नमुना: कॉर्टिसॉल ९.२ नॅनोमोल, कॉर्टिसोन ३४.
क-०४: कॉर्टिसॉल ४९०, कॉर्टिसोन ३१.

कागद काकांना दाखवला. ते बराच वेळ दुसऱ्या ओळीकडे बघत राहिले.

क-०२ च्या त्याच नळीला आमच्या एलायझाने १२.६ दिलं होतं. अँटीबॉडी थोडं कॉर्टिसोनही कॉर्टिसॉल म्हणून धरते, म्हणून आकडा वर जातो. तेव्हा आमचे आकडे दुसऱ्या कोणाच्या यंत्रावरच्या आकड्यांशेजारी थेट ठेवायचे नाहीत. एकाच बाईचा सोमवार आणि रविवार ताडून बघायला मात्र ते चालतात.

२ ऑगस्ट, शुक्रवार

क-१४ ला भेटायला धीर होत नव्हता. आज गेले. दोन वर्षं मांड्यांना आणि कमरेला गजकर्ण, पावसाळ्यात जास्त. दुकानातून आणलेलं मलम, डॉक्टरांकडे गेल्याच नव्हत्या. ट्यूबवर बारीक अक्षरात क्लोबेटॅसॉल, सोबत बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक. खूप जोरदार स्टेरॉइड. ते रोज एवढ्या कातडीवर लावलं तर आत शोषलं जातं, आणि पिट्यूटरीला वाटतं कॉर्टिसॉल पुरेसं आहे, ती अ‍ॅड्रिनलला हाकच मारत नाही. आमची अँटीबॉडी क्लोबेटॅसॉलला ओळखत नाही, म्हणून आम्हाला दिसली ती फक्त शांतता.

मी लॅबची मुलगी, निदान करणं माझं काम नाही. मॅडमशी आधी बोलूनच गेले होते. मलम एकदम बंद करू नका, आधी डॉक्टरांना भेटा, एवढं सांगितलं आणि आमच्या आकड्यांचं मॅडमच्या सहीचं पत्र दिलं. त्यांनी विचारलं, "म्हणजे मला थकल्यासारखं वाटतं ते यामुळे?" मी म्हटलं, ते डॉक्टरच सांगतील, पण हे पत्र त्यांना नक्की दाखवा. मंगळवारची वेळ घेतली, मीच फोन लावून.

अठरापैकी एकीलाही मी सुरुवातीला विचारलं नव्हतं की तुम्ही कातडीला काय लावता. गोळ्या विचारल्या, गर्भनिरोधक विचारलं, दम्याचा पंप विचारला. मलम हे औषध आहे असं त्यांनाही वाटत नाही आणि मलाही त्या दिवशी सुचलं नाही.

९ ऑगस्ट, शुक्रवार

सहाही प्लेट संपल्या. एकत्र केलेल्या लाळेचा प्लेट-ते-प्लेट फरक ११ टक्के, पंधराच्या आत आहे म्हणून चालेल.

क-०४ आणि क-१४ सोडून सोळा जणी. सकाळची उसळी चौदा जणींमध्ये दोन्ही प्रकारच्या दिवशी दिसते. दादरची नळी रविवारच्या त्याच वेळेच्या नळीपेक्षा दहा जणींत जास्त, सहा जणींत नाही. मॅडमनी विचारलं, "मग? लोकलने ताण येतो?" मी नाही म्हटलं, यावरून ते सांगता येणार नाही. निम्म्याजणी रविवारी दीड तास उशिरा उठतात, म्हणजे त्याच घड्याळाच्या वेळेला त्यांचं शरीर वेगळ्या ठिकाणी असतं. पुढच्या फेरीत घड्याळाऐवजी उठल्यापासूनची मिनिटं जुळवायची. क-०९ मात्र रविवारीही पाचलाच उठतात, कारण पाणी साडेपाचलाच येतं. त्यांचे दोन दिवस खरोखर शेजारी ठेवता येतात. दादरची नळी ८.४, रविवारची ५.१.

एकीचा आकडा. तरी मी तो बराच वेळ बघत बसले.

१३ ऑगस्ट, मंगळवार

स्टीलचे डबे परत आले, सोळा. दोन घरांनी ठेवून घेतले, चालेल. एकात परत करताना चकल्या घातल्या होत्या.

क-१४ चा फोन आला. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलंय, सकाळी आठला, आणि मलम हळूहळू कमी करायचं वेळापत्रक लिहून दिलंय. त्यांनी विचारलं, रक्त देण्याआधी चहा घेऊ का. मी म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलंय तसंच करा, पण किती वाजता उठलात ते कागदावर लिहून न्या.

दुसऱ्या फेरीचं पत्रक आज छापायला दिलं. पहिल्या पानावर, नाव-वयाच्याही वर, नवीन प्रश्न आहे: "तुम्ही किंवा घरातलं कोणी अंगाला कुठलं मलम लावतं का? ट्यूब सोबत आणा." त्याखाली: "आदल्या रात्री आणि सकाळी नळी हातात घेण्याआधी साबणाने हात धुवा." आणि वेळेच्या सगळ्या जागा कोऱ्या.